सोमवारचे डाग

डॉक्टरीणबाईंनी शिवानीचा हात खिडकीकडं वळवला, भिंग डोळ्याला लावलं आणि दीक्षा खुर्चीच्या काठावर सरकली. आता ही सांगणार. गेले पाच महिने जे कुणाला सांगता आलं नाही ते ही बाई सांगणार, आणि ते ऐकून आपल्याला पुन्हा त्याच घरात जेवायला बसावं लागणार.

हा चौथा दवाखाना. पहिल्यानं मलम दिलं, दुसऱ्यानं जंताचं औषध. तिसऱ्यानं चष्म्यावरून बघत सरळ दीक्षालाच विचारलं होतं, "घरात पोरीवर कोण हात उगारतं का?" झालं! त्या दिवसापासून तो प्रश्न दीक्षाच्या उशाशी येऊन बसला तो काही हलेना. वारणानगरला मास्तरीण म्हणून लागून तिला दीड वर्ष झालं होतं. शाळा सकाळी सातची, त्यामुळं कबनूरच्या घरून रोज जाणं-येणं जमण्यातलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी जायचं, शनिवारी दुपारी यायचं. मधले सगळे दिवस सहा वर्षांची शिवानी थोरल्या जावेजवळ, अंजनाअक्कांजवळ.

डाग तरी कसे? उजव्या दंडावर चार तपकिरी पट्टे, अगदी शेजारी शेजारी. गालावर एक, कानापासून हनुवटीपर्यंत ओघळलेला. मानेवर दोन. जुने पुसट होतायत तोवर नवे हजर. आणि दिवाळीच्या सुट्टीत दीक्षा तीन आठवडे घरी होती, तेव्हा एक म्हणून नवा डाग उठला नाही! ती वारणानगरला गेली आणि पुढच्या शनिवारी येऊन बघते तर पोरीच्या दंडावर पुन्हा चार बोटं. आता सांगा, कुठल्या आईचं डोकं ठिकाणावर राहील?

"मार नाही हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दीक्षाच्या शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, प्रसेनजीतनं, एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "बघ! म्हनलतो का न्हाय मी!"

"माराचा डाग निळा पडतो, हिरवा पडतो. हे भाजलंय. उन्हानं."

"उन्हानं? आमी सगळीच उन्हात असतोय की ओ बाई."

"नुसत्या उन्हानं नाही. लिंबाचा रस कातडीला लागला, तो धुतला नाही आणि वरून कडक ऊन बसलं, की कातडी अशी भाजते. डाग दोन दिवसांनी उठतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "पण बोटं आहेत ती बोटंच. लिंबाच्या ओल्या हातानं हिला कुणीतरी चोळतंय. घरी कोण लावतं हिला लिंबू?"

शिवानी छताच्या पंख्याकडं बघायला लागली. दीक्षानं ते पाहिलं. स्वतःच्या पोटच्या पोरीला काहीतरी ठाऊक आहे आणि ते ती आईपासून लपवतेय, हे पाहिलं, आणि तिला आतून फार एकटं वाटलं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून रिक्षानं स्टँड आणि तिथून इचलकरंजीची गाडी. सगळ्या वाटेत प्रसेनजीत खुशीत होता. पोरीला त्यानं भडंगाची पुडी घेऊन दिली, स्वतःच निम्मी खाल्ली. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि अंजनावहिनी पंधराची, नुकती लग्न होऊन आलेली. तिच्या हातचं खाऊन तो वाढला, जॉबर झाला, मागांच्या दुरुस्तीला आज त्याचं नाव घेतात. त्या वहिनीवर बायकोनं संशय घेतला, तेव्हापासून तो बायकोशी कामापुरतंच बोलत होता.

"आता तरी मन साफ कर," तो म्हणाला. "वैनीनं कुठं सरबत-बिरबत केलं आसंल."

"थंडीत सरबत?"

"मंग तूच सांग."

पोरीच्या अंगाला लिंबू कशासाठी चोळतात हे काय दीक्षाला माहीत नव्हतं? रंग उजळायला! साय आणि लिंबू. शिवानी दीक्षावर गेली होती, सावळी. आणि लग्न ठरताना दाराआडून ऐकलेलं जावेचं वाक्य तिच्या कानात अजून होतं: "पोरगी काळी हाय, पर शिकल्याली हाय." दहा वर्षं झाली त्याला. म्हणजे आपण पाठ फिरवली की ही बाई आपला रंग पोरीच्या अंगावरून घासून काढतेय तर! दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं.

कबनूरला पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. घरालगतच्या शेडमधले माग खडखडत होते. सासरे, अप्पा, नेहमीसारखे दारात खुर्ची टाकून बसलेले. तिन्हीसांजेला अप्पा दारात, हा त्या घराचा नियमच होता. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ. छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून पंचगंगेला नेऊन सोडणारा पहिला माणूस गल्लीत हाच. थोरला मुलगा त्याआधीचा म्हणून गणपती, धाकटा नंतरचा म्हणून प्रसेनजीत. घराचा इतिहास असा दोन पोरांच्या नावांत होता. नातीचं नाव अंजनानं परस्पर 'शिवानी' ठेवलं तेव्हा त्यांनी आठवडाभर अबोला धरला होता.

"काय म्हनली डॉक्टरीन?" अप्पांनी विचारलं.

"सगळ्यांना बोलवा अप्पा. सगळ्यांसमोर सांगतो," दीक्षा म्हणाली.

अप्पांचा या सुनेवर जीव होता. घरातली पहिली शिकलेली बाई, पहिली पगाराची नोकरी. डागांचं निघाल्यापासून ते तिच्याच बाजूनं होते. त्यांनी हाक मारली तसा गणपती शेडमधून आला, अंगाला सुताची पिसं चिकटलेली. अंजना भाकरी टाकून आली, पीठ झटकत. शिवानी धावत जाऊन तिच्या पदरात शिरली. दीक्षा आठवड्यानं आलेली, दुपारपासून पोर तिच्याजवळ होती, पण घरात पाऊल टाकताच धावली ती तिकडं. दर शनिवारचंच होतं ते. दर शनिवारी दीक्षा ते गिळायची.

"अक्का, माझी पोर काळी हाय म्हणून तुमाला लाज वाटती का?"

अंजना बघतच राहिली. "आं?"

"तिला लिंबू कशापायी चोळता? डॉक्टरनं सांगितलं, लिंबू आन् उन्हानं भाजतीया पोर! पाच महिने झालं मी वेड्यागत दवाखाने पालथे घालाय लागलोय, आन् तुमी तोंडातनं एक शबुद काढत न्हाई?"

"मी न्हाई चोळत," अंजना म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता, आणि ते अप्पांनी, गणपतीनं, सगळ्यांनी पाहिलं.

"वैनी, खरं काय ते सांग की. हिच्या मनातलं जाऊ दे एकदा," प्रसेनजीत म्हणाला.

"सांगितलं की. चोळत न्हाई."

"मंग हात कुनाचा हाय त्यो?" अप्पांचा आवाज चढला. "दीक्षा, तू पोरगीला घिऊन जा वारणेला. म्या सांगतो. जिथं खरं सांगत न्हाईत तिथं पोर ठिवायची न्हाई."

"अप्पा!" गणपती एरवी तोंड उघडत नसे. दिवसभर मागांच्या आवाजात राहून त्याला बोलायची सवयच उरली नव्हती. "तिनं जल्माला घातलं न्हाई म्हनून काय वाट्टंल ते बोलाय लागलाय व्हय तिला? त्या पोरगीसाठी रातरात बसल्याली बघितलीया मी. सांगा की गल्लीला, वांझेनं पोर जाळली म्हनून!"

"कोण म्हणालं तसं?" दीक्षा ओरडली.

"तुज्या तोंडावर लिवलंय!"

मग काय, सगळेच एकदम बोलायला लागले. प्रसेनजीत भावाला आवरतोय, अप्पा खुर्चीतून उठलेत, शेजारची चिमणाबाई कुंपणाशी येऊन उभी. आणि या सगळ्याच्या मध्ये अंजना गप्प, डोळे खाली. शिवानीनं तिच्या पदरातून डोकं बाहेर काढलं, एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि किंचाळली, "थोरल्याईला बोलू नगा! ती मारत न्हाई! ती लिंबू उतरती नुस्तं!"

आणि लगेच दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. "अप्पांना सांगायचं नव्हतं," ती बोटांतून म्हणाली.

अप्पा उभे होते ते तसेच उभे राहिले. प्रसेनजीतनं चिमणाबाईकडं बघून हातानंच 'जावा' केलं आणि ती, मोठ्या कष्टानं, गेली.

"दिष्ट काढतीस?" अप्पांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "माज्या घरात?"

अंजनानं मान हलवली.

"त्या टोपलीत ह्ये बी घालून बुडवलं हुतं की गं मी."

"देव बुडवलं अप्पा तुमी. आईच्या काळजातलं भ्या कुठं बुडतंय?" अंजना म्हणाली आणि 'आई' हा शब्द आपल्या तोंडून गेला हे कळून ओशाळली. "म्हंजी... बाईमानसाच्या."

मग तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक. लिंबू उतरायचं, कापायचं, फोडी शेडमागच्या सुताच्या ढिगात टाकायच्या. मग त्याच हातानं पोरीच्या तोंडावरून, दंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची. "काढायची असती ती तिन्हीसांजंला. माज्या आईनं तसंच शिकवलंय. पर तिन्हीसांजंला तुमी दारात. म्हनून तुमी सकाळी विहारात गेला की काढायचो. मंग पोरगी साळंला जायाची, यंदापासनं. तिथं मैदानात पोरं हुबी करत्यात."

दीक्षाच्या लक्षात आलं, संध्याकाळी काढली असती तर एक डाग उठला नसता. सगळा उजेडाचाच घोटाळा. अप्पांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदा त्या खुर्चीकडं पाहिलं.

"कुठल्या वारी?" दीक्षानं विचारलं, पण आपण रविवारी जातो म्हटल्यावर उत्तर तिला आधीच कळलं होतं.

"सोमवारी."

"ही पोर आजपासनं हिच्या हाताखाली न्हाई," अप्पा म्हणाले. "शिकल्याल्या आईची पोर हाय ती. बास."

पाच महिने दीक्षाला हेच तर ऐकायचं होतं. आता ऐकलं आणि तिला ते जराही गोड लागलं नाही. "अप्पा, त्यांना काय बोलू नका," ती म्हणाली. अप्पा चपला घालून बाहेर गेले. गणपती शेडमध्ये गेला. प्रसेनजीत पोरीला कडेवर घेऊन नळाकडं गेला, हातपाय धुवायच्या निमित्तानं, आणि जाताना बायकोच्या खांद्याला हात लावून गेला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

स्वयंपाकघरात अंजना पुन्हा भाकरी थापायला बसली होती. तव्यावरची करपली होती ती बाजूला काढून ठेवलेली. दीक्षा तिच्यासमोर पाट ओढून बसली.

"सोमवारीच का अक्का?"

"र्‍हाऊ दे."

"न्हाई, सांगा."

अंजनानं भाकरी फिरवली. "तू बघतीस न्हवं तिच्याकडं. शनवारी आल्यापासनं बघतीस. जेवताना बघतीस, ती खेळाय लागली तर दाराला टेकून बघतीस. निजली तर उशाला बसून बघतीस, दिवा घालवत न्हाईस. आईचीच नजर लई वाईट लागती बघ, तीच उतरायची. तू आयतवारी गेलीस की सोमवारी पोर उठत न्हाई. ताट सरकवती. अंग कढत हुतंय. उतरलं की जरा हुशार हुती, मंग साळंला जाती."

"ताप येतो?"

"येतोय की."

"दर सोमवारी?" दीक्षा म्हणाली. "आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

"सांगून? नोकरी सोडून आली असतीस, दुसरं काय केलं असतंस? मी तुला वळखत न्हाई व्हय? पाच वर्सं अर्ज खरडलंस बाई. ह्या घरात कुनी खडू धरला नव्हता हातात." अंजनानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "काळी-गोरीचं म्हनलीस. लगनात म्हनलतो, खोटं कशाला बोलू. तवा अक्कल नव्हती. पर ह्या पोरीचा रंग तुजा हाय म्हनून तर तू नसताना बी घरात असल्यागत वाटतंय."

दीक्षानं पदर तोंडाला लावला. तिला वारणानगरची ती खोली दिसली, कॉलनीतली, खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसणारी. रोज संध्याकाळी सातला ती मनात म्हणायची, आता जेवली असेल. साडेआठला म्हणायची, आता निजली असेल. तिला वाटायचं, झुरतोय ते आपणच. पोर रमलीये, थोरल्याई थोरल्याई करत उड्या मारतीये, आपण शनिवारचे पाहुणे आहोत नुसते. आणि इथं पोर सोमवारी तापानं फणफणत होती.

"काय म्हणायची तापात?"

"आई कवा येनार म्हनायची. मी म्हनायचो शनवारी. मंग बोटं मोजायची. मोजता मोजता निजायची."

"अक्का," दीक्षा म्हणाली, "ती दृष्ट न्हवं. तिला आठवण येती माझी."

अंजनानं तिच्याकडं अशी नजर टाकली, की दीक्षाला आपण मास्तरीण असल्याची लाज वाटली.

"ते मला कळत न्हाई व्हय? माजी आई गेली तवा मी सात वर्सांची हुतो." तिनं शेवटची भाकरी टोपल्यात टाकली. "पर आठवनीवर माज्याकडं काय उतारा हाय, सांग? दिष्टीवर तेवढा हाय. जो हुता त्यो केला."

बाहेर नळावर शिवानी खिदळत होती, प्रसेनजीत तिच्यावर पाणी उडवत होता.

"घिऊन जा तिला," अंजना म्हणाली. "अप्पा म्हनत्यात म्हनून न्हवं. मी म्हनतो म्हनून. तुज्याच साळंत घाल. सकाळी संगं जावा, संगं या. सहा दिस झुरायचं आन् एक दिस बघायचं, ह्ये पोरीला बी सोसंना आन् तुला बी. आदीच सांगाय पायजे हुतं मी. तोंड उघडलं न्हाई." ती थांबली. "मला बी पायजे हुती की गं ती."

दीक्षानं जावेचा पिठानं माखलेला हात धरला. खरबरीत हात, बोटं आखूड आणि रुंद. लेकीच्या दंडावर त्यांची मापं तिनं किती शनिवार बघितली होती आणि शिव्या घातल्या होत्या मनात. ते सगळे हात फिरवल्याचे डाग होते. आपण स्वतः आठवड्यातून एक दिवस नुसतं बघत बसलो, जवळ घेऊन कुरवाळायला सुचलं नाही, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं फार वाईट होतं.

रविवारी चारच्या गाडीला सगळे इचलकरंजीच्या स्टँडवर आले. अप्पाही आले. रात्रभर ते अंजनाशी बोलले नव्हते. सकाळी मात्र विहारातून आल्यावर त्यांनी तिच्याकडं न बघता म्हटलं होतं, "च्या टाक," आणि तिनं टाकला होता. एवढ्यावर त्या घरात पुष्कळ काही मिटतं. प्रसेनजीतनं ट्रंक गाडीत चढवली. गणपतीनं पुतणीच्या हातात केळ्यांचा घड दिला, अख्खाच्या अख्खा. कमीजास्त त्याला कधी कळलंच नाही. जुन्या शाळेचा दाखला नंतर आणायचा होता. शिवानी खिडकीत बसली, नव्या शाळेत आईला 'बाई' म्हणायचं की 'आई' हे तिनं तोवर वीस वेळा विचारून झालं होतं.

ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली. शिवानीनं गजांतून हात बाहेर काढला. "थोरल्याई! ए थोरल्याई, हिकडं बघ की!"

अंजना पाठ करून उभी होती. पलीकडच्या फळवाल्याच्या गाड्याकडं तोंड, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला.

"थोरल्याई!" पोरीचा आवाज आता रडका झाला.

दीक्षा पायरीवरून खाली उतरली. कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, गाडी हालली!" तिनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ती जावेजवळ गेली.

"अक्का, हाका मारतीया ती. बघा की एकदा."

"नगं."

"शनवारी आणतो की तिला. दर शनवारी. सांगितलंय न्हवं?"

"म्हनूनच नगं." अंजनाचा चेहरा पदरात होता, आवाज तेवढा बाहेर येत होता. "आता सहा दिसांची भूक माज्या डोळ्यांत बसनार. तू जा. गाडी सुटंल."

"मी सांगतो, काय हुत न्हाई. काय लागत न्हाई तिला. डोळं भरून बघा."

अंजनानं मान हलवली. वळली मात्र नाही.

"आन् लागली म्हंजी?" ती म्हणाली. "तिथं उतरायला कोन हाय?"